जाब कोणाला विचारावा?



कोठेही बाँबस्फोट झाला की आपल्या मनात दोन प्रश्न पाठोपाठ उभे राहतात. हे कोणी केले, हा पहिला. आणि याचा जाब कोणाला विचारायचा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पोलिसांनी शोधावे व न्यायालयाने ठरवावे, हे आपल्याला मान्य असते. दुसऱ्याचे उत्तर मात्र आपण घरच्या घरी, हातातले वर्तमानपत्र खाली ठेवायच्या आत, देऊन मोकळे होतो. पहिल्या उत्तराला वर्षानुवर्षे लागतात. दुसऱ्याला चहाचा पेला संपण्याइतकाही वेळ लागत नाही.

इस्लामच्या नावाने शस्त्र हाती घेणाऱ्या संघटनांविषयी वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहिले जाते. सीमा, शस्त्रे, परराष्ट्रनीती, महासत्तांचे डावपेच, असे त्याचे स्वरूप असते. ते आवश्यकच आहे. पण दहा आज्ञा तोंडपाठ असलेल्या माणसाला या विषयात आणखी एक प्रश्न दिसला पाहिजे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये अशी आपल्याला आज्ञा आहे. हिंसाचार घडून गेल्यावर आपण जे बोलतो ती साक्षच असते. ती खरी असते काय? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. आपल्या गुजरातेतच पुरेसे घडले आहे.

शनिवार, २६ जुलै २००८. संध्याकाळी अहमदाबादेत सुमारे सत्तर मिनिटांत वीसहून अधिक स्फोट झाले. गर्दीच्या बाजारांत झाले, बसमध्ये झाले, आणि जखमींना जेथे नेण्यात येत होते त्या रुग्णालयांच्या आवारातही झाले. ५६ माणसे मेली व दोनशेहून अधिक जखमी झाली. पुढच्या काही दिवसांत सुरतेत वीसहून अधिक बाँब सापडले. सुदैवाने ते फुटले नाहीत. तपास यंत्रणांच्या म्हणण्याप्रमाणे या कटातील काहींचे प्रशिक्षण शिबिर त्याच वर्षी जानेवारीत हालोल-पावागडच्या रानात भरले होते. बडोदेकरांना पावागड काय आहे हे सांगायला नको. मुलांच्या सहली आपण तेथेच नेतो. जागतिक म्हणविला जाणारा हा प्रश्न आपल्यापासून एवढ्या अंतरावर आहे.

‘इंडियन मुजाहिदीन’ या नावाने वृत्तवाहिन्यांकडे जो ई-मेल आला, त्यात हा २००२ च्या गुजरातेचा सूड असल्याचे म्हटले होते. आता ‘सूड’ हा शब्द नीट तपासून पाहा. सूड कोणावर घेतला? रुग्णालयाच्या दारात आपल्या जखमी नातेवाइकाला घेऊन आलेल्या माणसावर. २००२ साली तो कोठे होता, त्याने कोणाला मारले की कोणाला वाचविले, हे बाँब ठेवणाऱ्याने विचारले नव्हते. त्याला विचारण्याची गरजच वाटली नाही. “तू त्या समाजाचा आहेस, एवढे पुरे,” हा त्याचा सगळा युक्तिवाद.

पण बडोद्यात राहणाऱ्या माणसाला येथे थांबता येत नाही. २७ फेब्रुवारी २००२ रोजी गोध्रा येथे साबरमती एक्स्प्रेसच्या डब्याला लागलेल्या आगीत ५९ माणसे गेली. त्या गुन्ह्याबद्दल न्यायालयाने २०११ साली ३१ जणांना दोषी ठरविले व ६३ जणांना सोडले. तो निकाल यायला नऊ वर्षे होती. आपल्या शहरातील हनुमान टेकडी भागात मात्र १ मार्च २००२ च्या रात्रीच ‘निकाल’ लागला. तेथील बेस्ट बेकरीत जमावाने १४ माणसे मारली. ती माणसे गोध्र्याला गेलेली नव्हती. ती पाव भाजून पोट भरीत होती. त्या रात्रीच्या जमावाचाही युक्तिवाद तोच होता: “तुम्ही त्या समाजाचे आहात, एवढे पुरे.”

या दोन घटनांचे वजन एका तराजूत घालून कोणती जड हे पाहण्याचा माझा हेतू नाही. मृतांची अशी मोजदाद करणे हेच मुळी एक पाप आहे. मला एवढेच दाखवायचे आहे, की बाँब ठेवणाऱ्याचे शस्त्र वेगळे असले तरी त्याचे तर्कशास्त्र त्याचे एकट्याचे नाही. ज्याने केले त्याला सोडून, जो हाताशी सापडेल त्याला जाब विचारायचा, हे ते तर्कशास्त्र. दहशतवादी ते स्वतः वापरतो, आणि आपल्या स्फोटानंतर इतरांनीही ते वापरावे अशी त्याची इच्छा असते. कारण शेजाऱ्याने शेजाऱ्याचे घर जाळले म्हणजे त्याला भरतीसाठी नवी पोरे मिळतात.

लूककृत शुभवर्तमानातील एक प्रसंग येथे आठवतो. शोमरोनी लोकांच्या एका गावाने प्रभूला उतरू दिले नाही, तेव्हा याकोब व योहान यांना वाटले की आकाशातून अग्नी पडून सारे गाव भस्म व्हावे. दारे काही जणांनी लावून घेतली होती. शिक्षा साऱ्या गावाला हवी होती, पाळण्यातल्या मुलांसह. प्रभूने मागे वळून धमकाविले ते शोमरोन्यांना नव्हे, आपल्या शिष्यांना. शब्बाथशाळेत हा प्रसंग आपण बहुधा घाईने उरकतो. तसे करू नये. शिष्यांचा राग खोटा नव्हता. त्यांचा अपमान झालाच होता. राग खरा असूनही त्याची दिशा चुकू शकते, हे त्या प्रसंगात शिकवायचे आहे.

आता गुजरातेतील दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहू.

अहमदाबादच्या स्फोटांच्या खटल्याचा निकाल लागायला तेरा वर्षांहून अधिक काळ लागला. फेब्रुवारी २०२२ मध्ये विशेष न्यायालयाने ७७ आरोपींपैकी ४९ जणांना दोषी ठरविले आणि २८ जणांना सोडून दिले. दोषींपैकी ३८ जणांना फाशीची व ११ जणांना आमरण कारावासाची शिक्षा सुनावली. फाशीच्या शिक्षेविषयी ख्रिस्ती लोकांत मतभेद आहेत, आणि ते या लेखात मिटणार नाहीत. पण एवढे तरी सर्वांना मान्य व्हावे, की त्या न्यायालयाने एकेका माणसाकडे वेगळे पाहिले. ४९ आणि २८ हे आकडे वेगवेगळे निघाले याचाच अर्थ, कोणीतरी नावे घेऊन, पुरावा मागून, विचार केला.

दुसरा निकाल अक्षरधामचा. २४ सप्टेंबर २००२ रोजी गांधीनगरच्या स्वामिनारायण मंदिरात दोन बंदूकधारी शिरले व त्यांनी तीसहून अधिक माणसे मारली. दोघेही हल्लेखोर तेथेच ठार झाले. राज्यात फेब्रुवारी-मार्चच्या दंगलींची राख अजून गरम होती. अशा वेळी त्या संप्रदायाचे प्रमुखस्वामी महाराज यांनी लोकांना शांत राहण्याचे आवाहन केले, आणि सूडाची दंगल पेटली नाही. ज्यांचे मंदिर रक्ताने माखले त्यांनीच हे केले, ही गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनी आदराने सांगितली पाहिजे.

पुढे २००३ साली या हल्ल्याच्या कटाबद्दल काही माणसे पकडली गेली. सहा जणांना शिक्षा झाल्या. त्यांतील तिघांना फाशीची होती. १६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि तपासावर कडक ताशेरे ओढले. तोवर त्यांतील काहींच्या आयुष्याची दहा-अकरा वर्षे तुरुंगात गेली होती. आणि त्या दोन बंदूकधाऱ्यांना पाठविणाऱ्यांचे काय? चुकीच्या माणसाला धरले म्हणजे खऱ्या माणसाचा माग पुसला जातो. मंदिरात आप्त गमावलेल्या कुटुंबांवर हा दुसरा अन्याय झाला. खोट्या साक्षीने निरपराध भरडला जातो हे तर खरेच. पण ती अपराध्याला लपवितेही. मोशेच्या नियमशास्त्रात एकाच साक्षीदाराच्या बोलण्यावर कोणाला दोषी धरू नये असे जे आहे, त्यामागे गुन्हेगाराविषयी दया नसून सत्याविषयी धास्ती आहे.

येथवर राज्यातील गोष्ट झाली. पण हा विषय सीमेपलीकडे पोहोचतो, आणि तेथेही हाच प्रश्न विचारावा लागतो: जाब कोणाला?

डिसेंबर १९७९ मध्ये सोविएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. त्यांना हुसकून लावण्यासाठी अमेरिका व सौदी अरेबिया यांनी पैसा व शस्त्रे ओतली, आणि ती पाकिस्तानच्या आयएसआय या गुप्तचर संस्थेमार्फत लढणाऱ्यांच्या हाती गेली. पाकिस्तानात तेव्हा जनरल झिया-उल-हक यांची लष्करी राजवट होती. धर्मयुद्धाची भाषा त्या दिवसांत वॉशिंग्टनलाही खटकत नव्हती. फेब्रुवारी १९८९ मध्ये सोविएत फौजा परतल्या. पण छावण्या, बंदुका आणि लढण्याशिवाय दुसरे काही न शिकलेली माणसे मागे राहिली. त्याच सुमारास काश्मीर खोऱ्यात सशस्त्र बंडाळी पेटली. लष्कर-ए-तैयबा आणि २००० साली निघालेली जैश-ए-महंमद यांना पाकिस्तानच्या भूमीवर आसरा मिळाला. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत १६६ माणसे मारणारे दहाही जण समुद्रमार्गे तिकडूनच आले होते, हे आपल्या न्यायालयांत सिद्ध झाले.

हे सारे स्पष्ट नावे घेऊन सांगितले पाहिजे. ज्या सेनापतींनी व गुप्तचरांनी अशा टोळ्या पोसल्या, ज्या महासत्तांनी आपल्या सोयीसाठी डोळे मिटले, ज्या मौलवींनी पोरांच्या डोक्यात स्वर्गाचे आमिष भरले, त्यांना जाब विचारायचा नाही तर कोणाला? हे संकोचाने टाळणे हीही एक प्रकारची खोटी साक्षच आहे. शेजाऱ्याला बरे वाटावे म्हणून खऱ्या अपराध्याचे नाव गिळून टाकणे म्हणजे प्रीती नव्हे.

या टोळ्यांचे सामर्थ्य किती आहे ते पाहा. मूठभर माणसांच्या कृत्यामुळे अण्वस्त्रे बाळगणारी दोन राष्ट्रे पुनःपुन्हा युद्धाच्या काठावर आली. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला, आणि लाखो सैनिक पुढचे अनेक महिने सीमेवर समोरासमोर उभे राहिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान गेले, आणि त्यानंतर बालाकोट झाले. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ जण मारले गेले. भारताने सिंधू जलकरार स्थगित ठेवला, ७ मे रोजी पाकिस्तानातील तळांवर मारा केला, आणि १० मे रोजी गोळीबार थांबेपर्यंत दोन्ही देशांवर ड्रोन व क्षेपणास्त्रे उडत होती. कच्छमध्ये दिवे मालवले गेले. बडोद्यातही नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या सावलीत राहणाऱ्यांना तिचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

पहलगामच्या मृतांत सहा जण महाराष्ट्रातले होते आणि तीन गुजरातेतले. हल्लेखोरांनी धर्म विचारून माणसे वेगळी काढली, असे वाचलेल्यांनी सांगितले. मेलेल्यांत बहुतेक हिंदू होते, एक ख्रिस्ती होता. आणि एक तेथलाच मुसलमान घोडेवाला होता. ‘ते’ आणि ‘आपण’ अशी रेघ मारू पाहणाऱ्याने त्या घोडेवाल्याला रेघेच्या कोणत्या बाजूला ठेवावे?

आता मंडळीत नेहमी ऐकू येणाऱ्या तीन आक्षेपांचा विचार करू.

पहिला आक्षेप: “पण हे त्यांच्या धर्मातूनच येते ना?” हे लोक आपल्या कृत्यासाठी धर्माचाच आधार सांगतात, यात शंका नाही. धर्माचा याच्याशी काही संबंधच नाही असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण तोच धर्म मानणारे इतर काय करतात, हेही साक्षीत आले पाहिजे. फेब्रुवारी २००८ मध्ये देवबंद येथे जमलेल्या उलेमांनी दहशतवादाचा जाहीर निषेध केला. मुंबईच्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा देण्यास तेथील जामा मशीद ट्रस्टने नकार दिला, आणि ते मृतदेह वर्षाहून अधिक काळ शवागारात पडून राहिले. शिवाय आपल्याकडेही पाहावे. सप्टेंबर १९८२ मध्ये बैरुतच्या सब्रा व शतिला छावण्यांत पॅलेस्टिनी निर्वासितांची कत्तल करणारे फलांजिस्ट स्वतःला ख्रिस्तीच म्हणवीत होते. त्याबद्दल फतेहगंजातील एखाद्या ख्रिस्ती कारकुनाला कोणी जाब विचारला असता, तर त्याने काय म्हटले असते? आणि १९९८ च्या नाताळात डांगमध्ये प्रार्थनामंदिरांवर हल्ले झाले, तेव्हा “सर्व हिंदू असे नाहीत” हे आपणच एकमेकांना सांगितले ना? आपण ते सांगितले कारण ते खरे होते. जे सत्य एका शेजाऱ्याला लागू, ते दुसऱ्यालाही लागू असले पाहिजे.

दुसरा आक्षेप: “सुरक्षेसाठी सगळ्यांवर संशय घेणे भागच आहे.” याचे उत्तर श्रीलंकेने फार मोठी किंमत देऊन दिले आहे. २१ एप्रिल २०१९, पुनरुत्थानाचा रविवार. तीन प्रार्थनामंदिरांत व कोलंबोच्या हॉटेलांत आत्मघातकी स्फोट झाले. अडीचशेहून अधिक माणसे गेली. मट्टक्कळप्पू, म्हणजे बॅटिकलोआ, येथील झायन चर्च हे आपल्यासारख्याच प्रॉटेस्टंट लोकांचे. तेथे शब्बाथशाळेची मुले मेली. या हल्ल्याचा म्होरक्या झहरान हाशिम याच्याविरुद्ध त्याच्या गावच्या मुसलमानांनीच पूर्वी अधिकाऱ्यांकडे तक्रारी केल्या होत्या. भारताच्या गुप्तचरांनीही आधीच इशारा दिला होता. दोहोंकडे दुर्लक्ष झाले. पुढे मे महिन्यात जमावांनी मुसलमानांची घरे, दुकाने व मशिदी फोडल्या. म्हणजे ज्यांनी धोक्याची सूचना दिली त्यांच्याच समाजाला शिक्षा झाली. जानेवारी २०२३ मध्ये मात्र तेथील सर्वोच्च न्यायालयाने जाब योग्य जागी विचारला. कर्तव्यात कसूर केल्याबद्दल माजी राष्ट्राध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेना यांनी मृतांच्या कुटुंबांसाठी दहा कोटी श्रीलंकन रुपये स्वतः भरावेत, असा आदेश दिला. संशय सर्वांवर सांडला की खरी माहिती देणारे तोंड मिटतात. सुरक्षितता विश्वासाने बोलणाऱ्या शेजाऱ्यावर पुष्कळ अंशी अवलंबून असते.

तिसरा आक्षेप आपल्या खास ओळखीचा: “आपण क्षमा करणारे लोक, आपल्याला निकालांशी काय करायचे?” क्षमा करण्याचा अधिकार ज्याचे नुकसान झाले त्याचा. अहमदाबादच्या विधवेच्या वतीने क्षमा वाटत फिरण्याचा अधिकार तुम्हाआम्हाला कोणी दिला? क्षमा आणि न्याय यांचे वैर नाही. अपराध कोणाचा हे ठरल्याशिवाय क्षमा कोणाला करणार? अब्राहाम सदोमासाठी देवापुढे उभा राहिला, तेव्हा त्याने दुष्टांना सोडून द्यावे अशी मागणी केली नाही. दुष्टांबरोबर नीतिमानांचाही संहार होऊ नये, म्हणून तो पन्नासापासून दहापर्यंत खाली येत राहिला. जगाच्या न्यायाधीशाशी बोलतानाही त्याने ती वेगळी मोजणी सोडली नाही.

शेवटी शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी थोडे. पहलगामनंतरच्या दिवसांत अकरा-बारा वर्षांच्या एका मुलाने वर्गात विचारले, “सर, ते सगळे तसेच असतात का?” अशा प्रश्नाला “छे, छे, असे बोलू नये” एवढेच उत्तर पुरत नाही. मूल गप्प बसते, पण त्याचा प्रश्न गप्प बसत नाही. तो मोबाइलवर आलेल्या पहिल्या चित्रफितीकडे उत्तर मागायला जातो. त्यापेक्षा त्याला काय घडले ते त्याच्या वयाला झेपेल एवढे सांगावे. मारणाऱ्यांची संघटना, त्यांना पोसणारे, आणि त्यांनी धर्माचे नाव घेतले हेही लपवू नये. मग त्या घोडेवाल्याविषयी सांगावे, आणि कब्रस्तानात जागा नाकारणाऱ्यांविषयी सांगावे. नंतर वर्गालाच विचारावे: “तुमच्या शाळेत एका मुलाने काच फोडली आणि सरांनी साऱ्या वर्गाला छड्या मारल्या, तर काच फोडणाऱ्याला काय वाटेल?” मुले याचे उत्तर आपल्यापेक्षा लवकर देतात.

मोठ्यांसाठीही एक सूचना आहे. अशी एखादी बातमी पुढे कोणाला पाठविण्यापूर्वी स्वतःला विचारावे: मी हे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून, शपथेवर सांगू शकेन काय? सांगता येणार नसेल तर पाठवू नये. आणि मंडळीच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत “जगात शांती दे” एवढ्यावर भागवू नये. स्फोटांत आप्त गमावलेल्या कुटुंबांसाठी, खोट्या आरोपाखाली वर्षे गेलेल्यांसाठी, सीमेवरील जवानांसाठी, तपास करणारे पोलीस व निकाल देणारे न्यायाधीश यांच्यासाठी, आणि ज्या पोरांना आज कोणीतरी कोठेतरी फितवीत आहे त्यांच्यासाठी, वेगवेगळी प्रार्थना व्हावी. तिला चार मिनिटे अधिक लागतील. पाळकसाहेब व वडीलजन यांनी येत्या उपासनेत तेवढा वेळ काढून ठेवावा, अशी माझी नम्र विनंती आहे.